आत लय जागा हाय

आबांना मागून हाक मारली, की ते आपल्यासारखे मान वळवून बघायचे नाहीत. डावा पाय जमिनीत रोवायचे, उजवा उचलायचे आणि डाव्या चवड्यावर अख्खे गर्रकन फिरायचे. कोरेगावच्या एसटी स्टँडवर, बँकेच्या खिडकीपाशी, दवाखान्याच्या रांगेत, सगळीकडे तेच. एकदा गावच्या लग्नात ते आमटीची बादली घेऊन वाढत होते. कुणीतरी पलीकडच्या पंगतीतून "आबा, इकडं!" म्हणून ओरडलं. आबा बादलीसकट फिरले. पंगतीतली माणसं ताटं उचलून मागं सरकली, पण थेंब सांडला नाही. "पाय हालला का?" एवढंच त्यांनी शेजारच्याला विचारलं.

सव्वासहा फुटांचा देह, पांढऱ्या मिशा, आणि धोतराच्या वयात पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. तोफखान्यात वीस-बावीस वर्षं नोकरी करून ते गावी परतले होते. ऊस होता, दोन म्हशी होत्या, मुलगा पुण्याला होता. पण ते स्वतःला शेतकरी म्हणवत नसत आणि माजी सैनिकही नाही. कुणी विचारलं तर सांगायचे, "मी पिव्हट हाय." विचारणाऱ्याला वाटायचं, हे कुठलंतरी आडनाव असेल.

पिव्हट म्हणजे बास्केटबॉलमध्ये रिंगच्या अगदी जवळ, बास्केटकडे पाठ करून उभा राहणारा उंच खेळाडू. त्याला बॉल द्यायचा, त्यानं एक पाय जागचा न हलवता अंगाच्या आडोशानं फिरायचं आणि डोक्यावरून एका हातानं बॉल रिंगमध्ये सोडायचा. हा हुक शॉट. फौजेच्या टीममध्ये आबांनी आयुष्यभर हेच केलं होतं.

मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा सतरा वर्षांची होते आणि पाच फूट अकरा इंच उंच होते. गल्लीतली पोरं मला विजेचा खांब म्हणायची. कॉलेजच्या मैदानावर बास्केटबॉल खेळताना मात्र उंचीची लाज वाटायची नाही, म्हणून मी रोज जायचे. आबा संध्याकाळी म्हशींची धार काढून, खताच्या रिकाम्या पोत्यात आपला बॉल घालून तिथं यायचे. मॅच चालू असली की ते कधी बसायचे नाहीत. पायरीवर जागा असली तरी उभे. "खेळणारा हुबा हाय, तर बघणारा का बसंल?" म्हणायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि विचारलं, "पोरी, पाठीला कुबड काढून का चालतीस?"

मी अजूनच वाकले.

"सरळ हुबी ऱ्हा. आमच्या कॅप्टनानं मला सांगितल्यालं. देवानं दिलेली उंची वाकवून ठिवायची न्हाई, वापरायची."

त्या दिवसापासून त्यांनी मला हुक शॉट शिकवायला घेतला. आई म्हणते, माझी पाठ त्या वर्षी सरळ झाली.

आमचे कोच तरुण होते, पुण्याहून शिकून आलेले. मुलांची आणि मुलींची, दोन्ही टीम तेच बघायचे. मनापासून शिकवायचे, स्वतःच्या खिशातून बॉल आणायचे. आबा वयानं दुप्पट असूनही त्यांना "सर" म्हणायचे आणि दिसले की सलाम ठोकायचे. तरी दोघांचं एका गोष्टीवर जमत नसे. कोचना मोबाइलवर अमेरिकेतल्या मॅचेस बघायची आवड होती. आबांना जुन्या खेळाडूंची आवड होती. त्यांचा कॅप्टन एक सरदारजी, एक केरळचा, एक राजस्थानचा, सगळे फौजेतले. त्यांच्या गोष्टी सांगताना आबा रिंगखाली जाऊन प्रत्येकाची चाल करून दाखवायचे.

एका संध्याकाळी कोचनी जिल्ह्याच्या टीमची यादी वाचली. माझं नाव नव्हतं. मी कारण विचारलं.

"तू बाहेरून टाकत नाहीस," ते म्हणाले. "आतमध्ये पाठ करून उभी राहतेस. तो खेळ संपला. आता पाचही जण लांबून टाकतात." त्यांनी मोबाइल आबांच्या पुढं धरला. "हे बघा आबा. रिंगखाली आहे का कुणी? तुमचे सगळे जुने हिरो आज उभे केले ना, पाच मिनिटं टिकणार नाहीत."

आबांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून ती क्लिप पूर्ण पाहिली. मग पुन्हा पाहिली.

"सर, तुमी म्हणताय ते खरं आसंल," ते म्हणाले. "पर त्यांना कुणी इचारलं का?"

"कुणाला?"

"त्या जुन्यांना. की गड्या, आज खेळायचं झालं तर तू काय करशील? आपुनच कसं ठरवायचं, टिकणार न्हाई म्हणून?"

कोच हसले. मी रडत होते, म्हणून मला हसू आलं नाही. आबांनी बॉल पोत्यात घातला, कोचना सलाम केला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शंभर पानी वही आणली आणि खरंच विचारायला सुरुवात केली. जिथं जिथं जुन्या खेळाडूचा फोन मिळाला तिथं फोन लावला. फौजी हिंदीत, मैदानाच्या पायरीशी उभं राहून, अख्ख्या कोरेगावला ऐकू जाईल अशा आवाजात. "साब, आज का खेल खेलना पडा तो क्या करेंगे?" कुणी म्हणायचा गुडघे गेले, कुणी म्हणायचा नातवाला विचारून सांगतो. पंजाबातले सरदारजी कॅप्टन म्हणाले, "पहले एक महीना सिर्फ देखूँगा." आबांनी ते वाक्य वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

मग त्यांनी स्वतः तेच केलं. महिनाभर फक्त पाहिलं. कोचकडूनच मोबाइलवर मॅचेस भरून घेतल्या आणि उसाच्या बांधावर उभं राहून बघितल्या. महिना संपल्यावर त्यांनी घरामागच्या खळ्यात दोरीनं पावणेसात मीटर, म्हणजे लांबून टाकायच्या रेषेएवढं अंतर, मोजून फक्कीची रेघ मारली. पाण्याच्या टाकीच्या खांबाला लोखंडी रिंग ठोकली. जाळी कांद्याच्या पोत्याची. आणि साठाव्या वर्षी, उभ्या आयुष्यात कधी लांबून न टाकलेल्या माणसानं लांबून टाकायला सुरुवात केली.

मी सकाळी सायकलवरून त्यांच्याकडे जायला लागले. नियम असा, की पन्नास टाकल्याशिवाय चहा नाही. पहिल्या आठवड्यात त्यांचे पन्नासातले दोन-तीन पडायचे. बाकीचे टाकीला, कुंपणाला आणि एकदा म्हशीच्या पाठीला लागले. म्हैस दोन दिवस दूध देईना. गोठ्यात शेण काढता काढता काकी, म्हणजे आबांच्या बायको, मोठ्यानं मोजायच्या. मोजायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"चार!" गोठ्यातून आवाज यायचा. "आवं, काल पाच हुती!"

"वारं हाय आज!"

"वारं तुमच्या हातात हाय! चहा निवला!"

दोन महिने असे गेले. आबांचा खांदा सुजला. मी म्हटलं, "आबा, राहू द्या. सर म्हणतात तेच बरोबर असेल."

ते एरंडाच्या पानानं खांदा शेकत बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "सरांचं बरुबर हाय, खेळ बदलला. पर मी हातानं ढकलत हुतो, म्हणून चुकत हुतो. जोर पायातनं यायला पायजे. पाय रोवायचं मला ठाऊक हाय. आता तेच पाय वरती ढकलायला वापरायचं. आमच्याकडं जे हाय तेच, निस्तं दुसरीकडं लावायचं."

त्या दिवसापासून ते गुडघ्यातून वाकून टाकायला लागले. शॉट दिसायला अगदी जुना होता. पाय जमिनीवरून जेमतेम सुटायचे, बॉल कपाळापासून निघायचा. पण पडायला लागला. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी काकी गोठ्यातून बाहेर आल्या, हात शेणानं भरलेले, आणि म्हणाल्या, "सव्वीस." आत गेल्या आणि दोघांना चहाबरोबर शिरा करून आणला.

आटपाडीच्या तात्यांकडे आबा मला घेऊन गेले, ते माझ्या वडिलांची रीतसर परवानगी काढून. तात्या हे त्यांच्या टीमचे बुटके खेळाडू. बॉल पुढं आणायचा आणि ज्याला त्याला वाटायचा, हे त्यांचं काम. आता त्यांची डाळिंबाची बाग होती. आम्ही गेलो तेव्हा ते झाडांच्या ओळींतून कात्री घेऊन फिरत होते, एवढ्या चपळाईनं की आम्हाला त्यांच्यामागं पळावं लागलं.

आबांनी उन्हातच वही उघडली. "तात्या, आज खेळायचं झालं तर काय करशील?"

"व्हिडिओ बघितलं मी, तू धाडलेलं," तात्या कात्री न थांबवता म्हणाले. "काय करायचं त्यात? पाच जण बाहीर हुबं ऱ्हात्यात. त्यांना अडवायला पाच जण बाहीर येत्यात. मग आत कोण हाय? कुणीच न्हाई! आरं, आपल्या टायमाला रिंगखाली मुंगीला जागा नसायची. आता आत लय जागा हाय गड्या. मला निस्ता एक माणूस दे, ज्याला बाहेरनं टाकता येतंय. त्याच्याकडं दोघं पळालं की मी आत बॉल घालतो."

आबा लिहायचे थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तात्यांकडे. "बाहेरनं टाकणारा मी हाय," ते म्हणाले.

तात्यांच्या हातातली कात्री पहिल्यांदा थांबली. "तू? बाहेरनं?" आणि ते इतके हसले की झाडाला धरून उभे राहिले.

तिसरे इस्लामपूरचे चाचा, त्याच फौजेच्या टीममधले. गाद्या-उशांचं दुकान, अंगाला कायम कापूस चिकटलेला. डावखुरे. सांगलीत तीन-तीनच्या बास्केटबॉलची स्पर्धा होती, तिचं पत्रक त्यांनीच आबांना पाठवलं. हा नवा खेळ अर्ध्या मैदानात, एकाच रिंगवर खेळतात. तीन खेळाडू, एक बदली. दहा मिनिटं, आतून टाकलं तर एक पॉइंट, रेषेबाहेरून टाकलं तर दोन. आणि बारा सेकंदांत बॉल टाकायचाच.

"बारा सेकंद लय झाले," चाचा फोनवर म्हणाले. "फौजेत जेवायला तरी कुठं जास्त मिळत होते? मी येतो. पण चौथा कोण?"

आबांनी पत्रक दोनदा वाचलं. त्यावर "खुला गट" एवढंच छापलं होतं. त्यांनी चौथ्या ओळीत माझं नाव लिहिलं.

सांगलीच्या मैदानावर आमची नोंद बघून आयोजकांनी कपाळाला हात लावला. "आबा, मुलगी कशी खेळेल पुरुषांत?"

"कुटं लिवलंय, पुरुषांत म्हणून?"

"लिहिलं नाही, पण..."

"खुला म्हंजी खुला. न्हाईतर छापायचं हुतं."

आयोजक पंचांकडे गेले. पंच पिकल्या केसांचे होते, आबांकडे बघून त्यांनी डोळे बारीक केले. "तुम्ही तोफखान्याचे ना? तुमच्या फायनलला मी स्कोअर लिहायला टेबलावर होतो." मग ते आयोजकांना म्हणाले, "नियमात बसतंय. खेळू द्या."

पहिलीच मॅच लागली ती आमच्याच कोचच्या मुलांच्या टीमशी. कोरेगावची सगळ्यात चांगली टीम. ती पोरं मला ओळखत होती, आबांना रोज बघत होती. त्यातला एक आबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "आबा, जपून हं." आबा म्हणाले, "व्हय रं. तूबी."

सुरुवातीला फार वाईट गेलं, ते सांगायलाच हवं. पोरं वाऱ्यासारखी पळत होती. तात्यांच्या हातातून दोनदा बॉल गेला. चाचा धापा टाकायला लागले. मी बाहेर उभी होते. पाच मिनिटं झाली तेव्हा आम्ही पाच, ते अकरा. प्रेक्षकांत कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्यांना पाणी द्या." चाचा बाहेर आले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "जा बेटा. सरळ उभी राहा."

मी आत गेले. आबा जवळ येऊन हळूच म्हणाले, "तू रिंगपाशी जा. मी हितनं हलणार न्हाई."

ते रेषेबाहेर उभे राहिले. तात्यांनी त्यांना बॉल दिला. त्यांना अडवणारा पोरगा मागंच थांबला. "सोड, आबा बाहेरून टाकत नाहीत," असं तो आपल्या जोडीदाराला म्हणाला. मला स्पष्ट ऐकू आलं. आबा गुडघ्यात वाकले. बॉल कपाळापासून निघाला, उंच गेला, आणि जाळीतून पडला. दोन.

पोरांनी आपला एक पॉइंट केला. पुन्हा बॉल आबांकडे. पोरगा पुन्हा लांबच. पुन्हा दोन. आता कोच बाजूनं ओरडले, "अरे, त्यांच्या अंगावर जा!" पोरगा धावला, पण उशीर झाला होता. तिसराही आत. पोरांचाही एक पडला. आम्ही अकरा, ते तेरा.

"आता!" तात्या ओरडले.

त्यानंतर जे झालं ते मी अजूनही माझ्या विद्यार्थिनींना फळ्यावर काढून दाखवते. आबांकडे बॉल गेला की दोघंजण त्यांच्याकडे पळत. रिंगखाली मी आणि माझ्या मागं मोकळी जमीन. आबा बॉल टाकायचा आव आणायचे आणि जमिनीवरून टप्पा देऊन तो माझ्या हातात घालायचे. मी डावा पाय रोवायचे, फिरायचे, हुक. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. एकदा तात्याच कुणाच्या तरी काखेखालून आत शिरले आणि टाकून आले. पोरंही चांगली होती, त्यांनी तीन केले. सोळा-सोळा. नऊ सेकंद उरलेले, बॉल आमचा.

अख्खं मैदान उभं राहिलं होतं. आबा रेषेबाहेर. बॉल त्यांच्या हातात. दोघं त्यांच्यावर तुटून पडले, आणि तिसरा, सगळ्यात उंच पोरगा, माझ्या पाठीला चिकटला. त्यानं माझा हुक चार वेळा पाहिला होता. त्याला ठाऊक होतं मी कुठल्या बाजूला फिरणार. आबांचा पास आला. मी फिरायला लागले, तो त्याच बाजूला उडाला. मला आबांचा आवाज आला, "उलटी!"

मी पाय हलवला नाही. त्याच चवड्यावर दुसऱ्या बाजूला फिरले. माझ्यासमोर कुणी नव्हतं. बॉल डाव्या हातानं सोडला, आयुष्यात पहिल्यांदा. तो रिंगवर बसला, फिरला, आणि आत पडला. शिट्टी वाजली.

पुढं काय झालं ते नीट क्रमानं आठवत नाही. चाचांनी मला उचललं होतं, त्यांच्या अंगावरचा कापूस माझ्या तोंडात गेला होता. तात्या मैदानातच आडवे पडून हसत होते. दुसरी मॅच आम्ही सपाटून हरलो, कारण तात्यांचा गुडघा आखडला आणि आबांचा खांदा उचलेना. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. दोन मॅचच्या मधला अर्धा तास मात्र मला लख्ख आठवतो.

कोच आमच्याकडे आले. माझ्यापुढं उभे राहून म्हणाले, "मी यादी लिहिताना चुकलो. सोमवारी प्रॅक्टिसला ये." मग ते आबांकडे वळले. आबांनी सलाम केला. कोचनी तो हात खाली घेतला आणि ते त्यांच्या पाया पडले.

"आबा, तो टप्प्याचा पास. दोघं अंगावर असताना कसा काढता?"

"सर, बोलून न्हाई कळायचं. हुबं ऱ्हा. मला आडवा."

कोच अंगावर आले. आबांनी बॉल त्यांच्या पायांमधून काढला. कोच मान हलवत पुन्हा उभे राहिले. मग हरलेल्या टीममधला तो उंच पोरगा आला, "आबा, ते उलटं फिरायचं मलाबी दावा." मग त्याचे जोडीदार आले. मग दुसऱ्या टीममधले. तात्या लंगडत उठले आणि आत कसं शिरायचं ते दाखवायला लागले. चाचांभोवती डावखुऱ्यांचा वेगळाच घोळका जमला.

माईकवरून आवाज आला, "पुढची मॅच सुरू व्हायची आहे. ज्येष्ठ खेळाडूंनी कृपया कोर्ट रिकामं करावं." कुणी हललं नाही. थोड्या वेळानं पुन्हा, "कृपया कोर्ट रिकामं करावं." पुढची मॅच ज्यांची होती त्या दोन्ही टीम आबांसमोर ओळीत उभ्या होत्या. तिसऱ्यांदा माईक नुसताच खरखरला. मी टेबलाकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. निवेदक बाही वर सारून रांगेत उभा होता, आणि पुढच्या मुलाला विचारत होता, "डावा पाय रोवायचा ना पहिल्यांदा?"